पंचावन्न एकोणसत्तर बत्तीस

आमच्या दादाला, म्हणजे राजाराम धुरीला, काय वाटेल ते बोला. तू जाड झालास म्हणा, तुझी भजी कच्ची राहिली म्हणा, हसून घेईल. फक्त तुझा नंबर चुकला असं म्हणू नका. ह्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोने सांगितल्याशिवाय आठवत नाही, पण बिल्डिंगमधल्या कुठल्याही स्कूटरचा नंबर विचारा, झोपेत सांगेल. आणि त्याच दादाला त्या शनिवारी दुपारी, मुलुंडच्या त्याच्या स्वतःच्या घरात, एका फोनने सांगितलं की नंबर चुकला. एकदा नाही, दोनदा.

मी वसुधा, दादाची धाकटी बहीण. राहते कांजूरमार्गला. तोंडाने फटकळ आहे यावर सासरी आणि माहेरी दोन्हीकडे एकमत आहे. दोन्ही घरांचं जमतं असं तेवढं एकच.

दादाची मुलगी श्रुतिका नर्स आहे, जर्मनीत. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सुट्टी काढून आली होती. तिकडे ती म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात काम करते आणि मन लावून करते, पण तिचा जीव आहे लहान बाळांत. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं एक खास शिक्षण असतं तिकडे, त्याला तिने अर्ज केला होता. नंबर प्रतीक्षायादीत लागला. पोरीने ते कोणाला कळू दिलं नाही, पण वहिनीच्या उशाशी बसून ती दिवसातून दहा वेळा मेल बघायची ते काय मला दिसत नव्हतं?

त्या शनिवारी मी वडे-सागोती खायला गेले होते. श्रुतिका कोपरापर्यंत पिठात हात घालून वड्यांचं पीठ मळत होती. मेल आला तो मीच तिला दाखवला, आणि ती वाचता वाचता किंचाळली. कोणीतरी जागा सोडली होती आणि हिचं नाव वर आलं होतं. पण जागा पक्की करायची तर आजच्या आज, संध्याकाळच्या आत, त्यांच्या वेबसाइटवर जाऊन स्वतःची ओळख पटवायची. नाही केली तर जागा पुढच्या नावाला.

"बाय माझे, कर ना मग! बघतेस काय?" मी म्हटलं.

ओळख पटवायची कशी, तर तिच्याकडे तिकडे राहायच्या परवान्याचं एक कार्ड आहे. आपल्या लायसन्सएवढं. त्याच्या पोटात चिप आहे. कार्ड फोनच्या पाठीला लावायचं, फोनमधलं सॉफ्टवेअर त्या चिपशी बोलतं, आपण सहा आकड्यांचा गुप्त नंबर टाकायचा, की तिकडे जर्मनीत त्यांना कळतं, ही तीच. फोटो नको, झेरॉक्स नको, साहेबाची सही नको. मला तर ऐकूनच ते झकास वाटलं.

"पप्पा, तुम्हीच टाका," श्रुतिका पिठाचे हात वर करून म्हणाली. "नंबर तुमचाच आहे."

त्याचं असं. कार्ड नवीन आलं तेव्हा तिला नंबर ठरवायचा होता. जन्मतारीख टाकू नकोस असं सगळे सांगतात, म्हणून तिने दादाला फोन लावला, पप्पा, मला कोणाला सुचणार नाही असा सहा आकडी नंबर सांगा. दादाने क्षणात सांगितला. आमच्या लहानपणी बिल्डिंगच्या खाली गाला शेठचं किराणा दुकान होतं, त्यांच्याकडे फोन होता. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे 'पीपी' लिहायचे. तसा गाला शेठचा नंबर अख्ख्या बिल्डिंगचा नंबर होता. पंचावन्न एकोणसत्तर बत्तीस. दादाची नोकरी त्या नंबरावर लागली, माझं लग्न त्या नंबरावर जमलं. श्रुतिकाने तो फोनवर ऐकला, कार्डात टाकला आणि नंतर कधी वापरायची वेळच आली नाही.

दादाने कार्ड फोनला लावलं. मोठ्याने म्हणत, एकेक आकडा दाबत, नंबर टाकला. "पंचावन्न. एकोणसत्तर. बत्तीस."

"हां, हाच," श्रुतिका म्हणाली.

फोनवर लाल अक्षरं आली. श्रुतिका वाकून वाचते तो चेहरा पडला. "चुकला म्हणतंय, पप्पा."

"चुकला? माझा?" दादा हसला. "मशीन आहे ते, त्याला काय कळता!"

"चष्मा लाव आधी," मी म्हटलं. "नाकावर माशी बसली तरी दिसत नाही तुला."

दादाने चष्मा लावला. रागाने एकेक आकडा असा दाबला की टेबल हललं. मी शेजारी उभं राहून बघितलं, पाच पाच सहा नऊ तीन दोन. मला तरी तो नंबर कोणी शिकवायला नको. परत लाल.

आता श्रुतिका खाली बसली. तशीच, पिठाच्या हातांनी, फरशीवर. म्हणाली, "एकच चान्स राहिलाय. तिसऱ्यांदा चुकलं की कार्ड बंद होतं. ते उघडायचा नंबर असलेलं पत्र तिकडे माझ्या खोलीत आहे. आणि ते पत्र असलं तरी हा नंबर काय होता ते कोणीच सांगू शकत नाही."

"कोणी म्हणजे? ऑफिसवाले?"

"त्यांनापण माहीत नसतो, आत्या. फक्त कार्डाला माहीत आहे."

आतल्या खोलीतून वहिनी ओरडली, "अहो, काय झालं? कोणी सांगेल का मला?" तिला काय सांगणार? पोरीचं स्वप्न हातातोंडाशी आलंय आणि हातातोंडाच्या मध्ये गाला शेठचा फोन नंबर उभा आहे, हे सांगणार?

दादा म्हणाला, "आण इकडे, परत टाकतो. नंबर बरोबरच आहे."

"खबरदार!" मी कार्ड उचललं, पर्समध्ये टाकलं आणि पर्सवर बसले. "दोनदा बरोबर नंबर टाकलास ना? दोनदा वाट लागली ना? मग तिसऱ्यांदा काय आरती ओवाळणार आहे तो?"

"वसू, तू माका शिकवू नको!"

"मग कोण शिकवणार? आजवर कोणी शिकवलं नाही म्हणूनच ही वेळ आली."

भांडता भांडता मी माझ्या सुनेला फोन लावला. चेतना माझी सून. अंधेरीला एका कंपनीत आहे, आणि तिचं कामच ते, कार्डातल्या चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर लिहायचं. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिने मला सांगितलं होतं, आई, मी कार्डांना बोलतं करते. मी तेव्हा मान डोलावली होती, कळलं काही नव्हतं. त्या शनिवारीही ती ऑफिसातच होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "कोणी काही टाकू नका. कोणी काही पुसू नका, बदलू नका. मी निघाले."

ती येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते आम्हालाच माहीत. दादा येरझारा घालत होता आणि दर फेरीला नवी शंका काढत होता. फोनचं कव्हर जाड आहे. कार्डाला सोलकढी लागली असेल. जर्मनीचं कार्ड भारतात चालत नसेल. वडे कोणी तळले नाहीत.

चेतना आली. घरात शिरली ती आधी आत जाऊन वहिनीचा गुडघा बघून आली, मग पाणी प्याली, मग बसली. ह्या मुलीची हीच गोष्ट मला आवडते. जगाला आग लागली तरी ती आधी चप्पल नीट जागेवर ठेवेल. मेहकरकडची आहे, वडील शिक्षक, कदाचित त्यातून आलं असेल. माझ्यासारखी उडी मारत नाही.

"मला नंबर सांगू नका," ती आधीच म्हणाली. "गुप्त आहे तो."

"कसला गुप्त!" मी म्हटलं. "दादाने दोनदा ओरडून टाकलाय. तळमजल्यावरच्या कुत्र्यालापण पाठ झाला असेल."

चेतना हसली. फोन हातात घेतला, पण कार्ड मागितलं नाही. स्क्रीनवरचं वाचलं. तिला जर्मन येत नाही, पण हे सॉफ्टवेअर तिला माहीत होतं. "ह्याचा कोड सगळ्यांना वाचायला उघडा ठेवलाय त्यांनी. मी पूर्ण वाचलाय. मामा, फार सुंदर काम आहे हो हे."

मी आतापर्यंत दुसऱ्याचं काम बघून इतकं खूश होणारं माणूस फक्त भजनी मंडळात पाहिलं होतं, समोरच्या बुवाने जागा घेतली की मान हलवणारं. इथे पोरीचं नशीब टांगलेलं, आणि ही कौतुक करतेय. पण तिच्या सांगण्यात काहीतरी होतं, दादासुद्धा येरझारा थांबवून ऐकायला लागला.

ती म्हणाली, "तुम्ही नंबर टाकता ना, तो फोनमधून कार्डाकडे जातच नाही. हवेतून कोणी चोरेल म्हणून. फोन आणि कार्ड दोघं त्या नंबरावरून एकेक गणित सोडवतात, आपापलं. उत्तर जुळलं तरच पुढे बोलायचं. नंबर कोणीच कोणाला सांगत नाही. आणि नंतर जे बोलतात ते कुलपात. शिवाय ती वेबसाइट नक्की कोणाची, तिला काय काय विचारायची परवानगी आहे, हेसुद्धा कार्ड स्वतः तपासतं. उगाच कोणी विचारलं तर तोंड उघडत नाही."

"आणि हे काय मागतंय आता?" श्रुतिकाने विचारलं. "तिसऱ्या वेळेच्या आधी कार्डावर छापलेला नंबर टाका म्हणतंय."

"ते तर सगळ्यात छान आहे. समज, कोणी लांबून, तुझा फोन हॅक करून, मुद्दाम चुकीचे नंबर टाकले, तर तुझं कार्ड बंद पडेल, हो ना? म्हणून शेवटचा चान्स ते राखून ठेवतात. कार्ड ज्याच्या हातात आहे, ज्याला त्यावरचं छापलेलं दिसतंय, त्यालाच तो मिळतो. शेवटची संधी मालकाची."

कोणीतरी, कुठल्यातरी परक्या देशात, टेबलाशी बसून ह्याचा विचार केला होता. आमच्यासारख्या वेंधळ्या माणसांचा. दोन संधी घालवणार हे त्याला आधीच माहीत होतं. माणसं माणसांची एवढी काळजी घेत नाहीत हो, खरं सांगते.

मग चेतनाने एक प्रश्न विचारला, जो आमच्या तिघांपैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. "पहिल्यांदा नंबर कोणी टाकला होता?"

"मी," श्रुतिका म्हणाली. "पप्पांनी फोनवर सांगितला, मी टाकला."

"आणि आज?"

"मी," दादा म्हणाला. "बरोबर टाकला."

चेतनाने दोघांकडे बघितलं. काहीतरी तिच्या लक्षात आलं होतं. श्रुतिकाला म्हणाली, "माझ्या फोनवर कॅल्क्युलेटर उघड. मामा, तुम्ही आत मामींजवळ जा आणि हिला फोन लावा, त्या दिवशीसारखा. मी चिठ्ठीवर देते ते आकडे वाचायचे, मधेच तुमचा नंबरही म्हणायचा. जोडून म्हणायचा, नेहमीसारखा. श्रुती, तू फक्त ऐकायचं आणि दाबायचं. विचार करायचा नाही."

"हे कशाला?" मी विचारलं.

"आई, आत्ता नको. आधी सांगितलं तर ती विचार करून टाकेल."

आतून दादाचा आवाज आला. सत्तावीस. एकोणतीस. बेचाळीस. एकोणसाठ. मग आमचा नंबर. मग परत भलतेच. श्रुतिका भराभर दाबत होती. मी तिच्या खांद्यावरून बघत होते, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून दादा धावत बाहेर आला.

एकोणतीसचे तिने एकोणचाळीस केले होते. एकोणसाठचे एकोणसत्तर. आणि गाला शेठच्या दुकानाचा नंबर तिच्या बोटाखाली झाला होता पंचावन्न एकोणऐंशी बत्तीस.

"बये! एकोणसत्तर म्हणजे किती?" मी विचारलं.

"सेव्हंटी-नाइन."

"अगं, सिक्स्टी-नाइन!"

"सत्तर आहे ना त्यात!" श्रुतिका म्हणाली. "एकोण म्हणजे नऊ. एकोण, सत्तर. सेव्हंटी-नाइन."

"एकोण म्हणजे नऊ?" दादाने डोक्याला हात लावला. "एकोण म्हणजे एक उणा! एक कमी! सत्तराला एक कमी! घाटकोपरच्या इंग्लिश शाळेची फी मी काय ह्यासाठी भरली?"

"मला कोणी कधी सांगितलंच नाही," पोरगी रडकुंडीला आली. "आणि जर्मन आकडे बरोबर येतात मला. तेपण उलटेच असतात, नऊ आधी आणि साठ नंतर."

चेतना म्हणाली, "मामा, रागावू नका. आमच्या हेल्पलाइनला हेच रोज होतं. लोक मराठीत नंबर सांगतात, फोन उचलणारी मुलं इंग्रजी माध्यमाची. मी त्यांना सांगून ठेवलंय, आकडे सुटे विचारा. म्हणून शंका आली." मग दादाकडे वळून फार मायेने म्हणाली, "तुमचा नंबर बरोबर होता. तुम्ही बरोबर टाकला म्हणूनच चुकला. कार्डात तिने ऐकलेला नंबर आहे."

दादा खुर्चीत बसला. बरोबर असून चुकलो, ही गोष्ट त्याच्या पोटात उतरायला वेळ लागणार होता.

"वहिनी, नक्की ना?" श्रुतिकाने चेतनाला विचारलं.

"नाही," चेतना म्हणाली. "त्या दिवशी तुझं बोट घसरलं असेल, तर आपल्याला कळायचा मार्ग नाही. पण ह्याच्याहून बरा अंदाज आपल्याकडे नाही. कार्ड तुझं आहे, ठरव तू."

मी पर्समधून कार्ड काढून दिलं. श्रुतिकाने हात धुतले, पुसले. कार्ड फोनला लावलं. आधी कार्डावर छापलेला नंबर बघून टाकला. मग आमच्याकडे पाठ केली आणि तो दुसरा नंबर टाकला, तिचा. आतून वहिनी देवाचं नाव घेत होती ते ऐकू येत होतं. मीही घेतलं असतं, पण त्या क्षणी कुठलंच नाव आठवेना.

फोन थरथरला. हिरवं झालं.

चेतनाने डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला, तेव्हा मला कळलं की ही शांत बाई आतून किती घाबरली होती. मी तिला कवटाळलं. "माझी सून," मी म्हटलं, "माझी सून," जसं काही तिथे कोणाला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "आई, मी काही केलं नाही, त्या लोकांनी काम चांगलं केलंय." मी म्हटलं, "गप्प बस, कौतुक करायला शिकलीस तशी करून घ्यायला शिक."

वेबसाइटवर पान उघडलं होतं. कार्डाने सांगितलेली माहिती त्यात आपोआप भरली होती, श्रुतिकाने फक्त होकार द्यायचा होता. तिने दिला. जागा पक्की झाली. आतून वहिनीने टाळ्या वाजवल्या, मग गुडघा दुखला म्हणून ओरडली.

दादा मात्र चष्मा लावून त्या पानात काहीतरी शोधत होता. "सगळं आलंय," तो म्हणाला. "जन्मतारीख, गाव, पत्ता. वडिलांचं नाव कुठे टाकतात?"

"विचारत नाहीत, पप्पा. त्यांच्याकडे तसा रकानाच नाही."

"नाही?" दादाने चष्मा खाली केला. आधीच नंबरावरून दुखावलेला माणूस, त्यात हे. "आपल्याकडे रेशन कार्डापासून सगळीकडे लागतं." त्याचा आवाज मला ऐकवला नाही.

"नीट बघा ना," श्रुतिका म्हणाली आणि बोट ठेवलं. आडनावापुढे धुरी होतं. नावापुढे होतं, श्रुतिका राजाराम. पासपोर्ट काढताना आपण मधलं नाव नावातच लिहितो, तेच तसंच्या तसं तिकडे गेलं होतं.

"म्हणजे त्यांना वाटतं राजाराम तुझं नाव आहे?" दादाने विचारलं.

"माझंच आहे ना. वॉर्डातल्या आजींना श्रुतिका म्हणता येत नाही, जीभ वळत नाही त्यांची. राजाराम जमतं. बेल दाबतात आणि हाका मारतात, राजाराम, राजाराम!"

मला हसू फुटलं. दादा हसला नाही.

"आणि तू ओ देतेस?"

"देते ना, पप्पा. धावत जाते."